पैनगंगेपलीकडचे आरसे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



“गणित आपल्या मुलांच्या कामाचे नाही,” असे आपल्या घरोघरी ऐकू येते. मी कला शाखेचा पदवीधर. तरी आज गणिताचीच वकिली करणार आहे. कारण पैनगंगा ओलांडली की लागणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

तेथे काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या असतील. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना आरसे आणि मध्ये शेकडो वेळा ये-जा करणारा लेसरचा प्रकाश. नेमक्या वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यानेही झोका उंच जातो. तसेच आरशांतील अंतर अचूक जुळले की प्रकाश साठत जातो. यालाच प्रकाशीय अनुनादक म्हणतात. नळ्यांतून परतणारा प्रकाश पुन्हा आत वळविणारा आणखी एक आरसा असतो, त्यामुळे हे अनुनादक एकमेकांशी जोडले जातात. एकाच दोरीला टांगलेल्या दोन झोक्यांपैकी एक हलला की दुसराही हलतो, तसे.

आता खरी अडचण. साठलेला प्रकाश आरशाला ढकलतो. अमेरिकेतील लायगोचा आरसा ४० किलोचा, तोही हलतो. आरसा हलला की अंतर बदलते, अंतर बदलले की प्रकाश बदलतो आणि प्रकाशाबरोबर धक्काही. परिणामच पुन्हा कारण होतो! येथे आपले त्रैराशिक चालत नाही. तोल सुटला तर कंपने वाढतच जातात. अमेरिकेतील यंत्रात असे प्रत्यक्ष घडले आहे.

म्हणून यंत्राची आधी संगणकावर प्रतिकृती करतात. या क्षणी आरसा कोठे, प्रकाश किती; मग पुढच्या क्षणी काय? असे लक्षावधी क्षण मोजीत जायचे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली, तेव्हा नळीच्या लांबीतील फरक प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. ती लहर ओळखण्याच्या गणितात पुण्याच्या ‘आयुका’तील डॉ. संजीव धुरंधर यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

पालकहो, हे गणित बीजगणितापासूनच सुरू होते. दहावीनंतर मुलाचे, आणि विशेषतः मुलीचे, गणित सोडविण्याचा निर्णय घाईने करू नका. आधी शिक्षकांना भेटा. वेधशाळा शेजारी उभी राहील तेव्हा आपली मुले तिच्या फाटकाबाहेरून पाहणारी असावीत की आत काम करणारी, हे आज आपल्या घरात ठरते आहे.