सहीची प्रत



जुन्या विनोदी नाटकांच्या पहिल्या आवृत्त्या, त्याही नाटककाराच्या सहीच्या, जमविण्याचा मला छंद आहे. ही सही दोन प्रकारची असते. एक स्नेहाची, ‘सप्रेम भेट’ म्हणून केलेली. दुसरी निव्वळ व्यवहाराची: चोरून छापलेल्या प्रती ओळखता याव्यात म्हणून त्या काळी कित्येक ग्रंथकार प्रतींवर सही वा शिक्का करीत. संग्राहक पहिलीमागे धावतात. मला दुसरी अधिक बोलकी वाटते. नाटकाचे पुस्तक चोरण्याजोगे खपत होते, याची ती साक्ष आहे.

सहीची पारख अक्षराआधी तारखांवरून करावी. राम गणेश गडकरी, ज्यांचे ‘एकच प्याला’ याच बडोद्यात प्रथम रंगले, ते २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. ‘भावबंधन’ रंगभूमीवर आले १९२० मध्ये. तेव्हा गडकऱ्यांच्या सहीचे छापील ‘भावबंधन’ कोणी विकावयास आणले, तर अक्षर कितीही हुबेहूब असो, विक्रेत्यास नमस्कार करून निघावे. संगीत ‘संशयकल्लोळा’बाबतही सावध असावे, १९१६ साली ते रंगभूमीवर आले तेव्हा देवल हयात नव्हते.

खोट्या सहीपेक्षा मला भय वाटते ते बांधणीचे. पुस्तक पुन्हा बांधताना कडा कापल्या जातात, जाहिरातींची पाने जातात, आणि प्रसंगी सहीचे कोरे पानही. आपल्या शाळेच्या कपाटांतील नाटके बांधणीस जाण्यापूर्वी कोणीतरी ती उलटून पाहिली पाहिजेत. येत्या रविवारी मी येणारच आहे. दोघे-तिघे माजी विद्यार्थी सोबत आले, तर संध्याकाळपर्यंत काम उरकेल.