शाळेतील नर्सबाई आणि घरातील आई
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मुलांच्या आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चालकांची इच्छा आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी आज आपल्या मुलांच्या शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या नर्सबाईंविषयीच बोलणार आहे.

शाळेत डॉक्टर आले म्हणजे पुरे, नर्स कशाला? असे पुष्कळांना वाटते. न्यूयॉर्क शहरातही पूर्वी असेच वाटे. तेथे डॉक्टर शाळा तपासीत आणि खरूज, उवा, डोळ्यांच्या खुपऱ्या असलेली मुले घरी पाठवीत. घरी औषध करणारे कोणी नसे, आणि मूल रस्त्यावर हिंडत राही. १९०२ साली लिलियन वॉल्ड या समाजसेविकेने लीना रॉजर्स नावाची परिचारिका शाळांत पाठविली. ती किरकोळ दुखण्यांवर शाळेतच उपचार करी आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना समजावून सांगे. त्या वर्षी सप्टेंबरात दहा हजारांहून अधिक वेळा मुलांना घरी पाठवावे लागले होते. पुढल्या सप्टेंबरात तो आकडा ११०० च्या आसपास आला. औषधे पूर्वीचीच होती. घरापर्यंत जाणारी बाई तेवढी नवी होती.

आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यास प्रथम झाली. १९६० साली केंद्र सरकारने श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी समिती नेमली. फेब्रुवारी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा हे पथक येते. जन्मतः असलेले व्यंग, जीवनसत्त्वांची उणीव, आजार आणि वाढीतील विलंब, अशा चार गोष्टी पाहिल्या जातात.

नर्सबाई उंची-वजन घेतात, पापणी खाली ओढून रक्त कमी आहे काय ते पाहतात, दात, कान, कातडी पाहतात, तक्त्यावरील अक्षरे वाचावयास लावतात. ज्याला आपण ‘मठ्ठ’ म्हणून बोल लावतो, त्याला पुष्कळदा फळाच दिसत नसतो! पोटात दुखते म्हणून वारंवार घरी राहणारी मुलगी खरे कारण मास्तरांना सांगणार नाही. पाळीविषयी ती नर्सबाईंच्याच कानात बोलेल. मुलांच्या मनावरचा असा भार हलका करणे, हेही आरोग्याचेच काम होय.

आता लोहाच्या गोळीविषयी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणून सहावीपासूनच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी दिली जाते. तिने शौचाला काळे होते, क्वचित मळमळते. ते पाहून आई म्हणते, “टाकून दे ती गोळी!” भगिनींनो, गोळी जेवणानंतर घ्यावी, म्हणजे त्रास कमी होतो, आणि तिच्या मागोमाग चहा देऊ नये. मात्र ज्या मुलास सिकलसेल आहे, त्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून लोह देऊ नये.

सिकलसेलचे नाव निघाले की आपल्या विदर्भात अजून आवाज खाली जातो. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सांधे दुखतात, अंग फिके पडते. १ जुलै २०२३ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत या आजाराच्या आदिवासी भागांतील चाळिशीपर्यंतच्या सर्वांची तपासणी करावयाची आहे, म्हणजे आपली मुलेही त्यात आली. पण मुलीचे लग्न मोडेल या भीतीने चिठ्ठी लपविली जाते, आणि दोष येतो तो आईच्या माथी. हा अन्याय आहे. आई आणि बाप दोघांकडूनही तो गुण आला, तरच मूल आजारी होते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक वेळी आजारी मूल होण्याचा संभव चारात एक असतो. नुसता वाहक माणूस आजारी नसतो. लग्नाआधी दोन्ही पक्षांनी रक्त तपासले, तर लपविण्याजोगे काही उरतच नाही.

आता मुख्य मुद्दा. नर्सबाई तपासतात आणि पुढील उपचारासाठी चिठ्ठी देतात. त्यापुढे त्यांचा हात पोहोचत नाही. उमरखेड जिल्ह्याच्या एका टोकाला. यवतमाळ शंभर किलोमीटरांच्या वर. जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, लहानग्याला कोठे ठेवावे हा प्रश्न पडतो, आणि मोठ्या दवाखान्यात कोणत्या खिडकीशी उभे राहावे हेही ठाऊक नसते. मग चिठ्ठी दप्तरातच राहते. ऊसतोडीला गेलेल्या घरची मुले तर तपासणीच्या दिवशी शाळेतच नसतात.

हे काम आपल्या मंडळाने उचलावे. तपासणीची तारीख शाळेकडून आधी विचारून ती वस्त्यांवर आणि तांड्यांवर सांगावी. तपासणीनंतर ज्या घरी चिठ्ठी गेली, त्या घरी आपल्यापैकी एकीने जावे. पण कोणाच्या घरचा आजार चारचौघींत बोलू नये. ज्या आईला एकटीने जाणे जड वाटते, तिच्या सोबत एकीने यवतमाळच्या मोटारीत बसावे. ज्या दिवशी ती जाईल, त्या दिवशी तिचे लहानगे शेजारणीने सांभाळावे. यास फार पैसा लागत नाही.

नर्सबाई वर्षातून एक दिवस येतात. उरलेले ३६४ दिवस मूल आपल्याजवळ असते. पुढील वर्धापनदिनी किती चिठ्ठ्या दवाखान्यापर्यंत पोहोचल्या, हे मंडळाच्या अहवालात वाचावयास मिळावे, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.