कुमार फुटबॉल संघाचा हिशेब

(कोल्हापुरात क्रीडाशिक्षक, तालीम मंडळांचे कार्यकर्ते आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



फुटबॉलवर बोलण्यास उभा राहिलेला वक्ता बहुधा स्वामी विवेकानंदांपासून प्रारंभ करतो. १८९७ साली मद्रासच्या तरुणांसमोर त्यांनी गीता आणि फुटबॉल यांविषयी जे उद्गार काढले, ते आपणां सर्वांना मुखोद्गत आहेत. म्हणून मी त्यांची पुनरुक्ती करत नाही. शिवाय कोल्हापुरात येऊन फुटबॉलचे माहात्म्य सांगणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखे आहे. येथे पेठापेठांतील तालमींनी कुस्तीच्या आखाड्याइतकाच फुटबॉल जिवापाड सांभाळला. तेव्हा माहात्म्य बाजूला ठेवू आणि हिशेब मांडू. हिशेब भारताच्या कुमार संघाचा. हा संघ जगापुढे केव्हा उभा राहिला, काय मिळवले, काय गमावले, आणि जे गमावले ते कोणाच्या पदरचे होते?

जमेची पहिली नोंद १९७४ची आहे. त्या वर्षी बँकॉकमध्ये आशियाई युवक अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारताचा कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली. अंतिम सामना इराणशी २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. आशियातील कुमारांचे अजिंक्यपद भारताकडे! आज ही गोष्ट सांगितली तर ऐकणारा क्षणभर आपल्याकडे संशयाने पाहतो. १९६२च्या जकार्ता आशियाई खेळांतील सुवर्णपदक पुष्कळांना आठवते, १९११ साली मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीला नमवले तेही आठवते. १९७४ मात्र विस्मृतीत गेले. शब्बीर अलींना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०११ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. फुटबॉलपटूला तो पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या यशाला काळाचीही साथ लाभली नाही. युवकांची जागतिक स्पर्धा सुरू झाली १९७७ साली, ट्युनिशियात. १९७४च्या विजेत्यांपुढे जगाचे दार नव्हतेच. दार उघडले तेव्हा आपण उंबरठ्यापर्यंत पोहोचण्याच्या स्थितीत नव्हतो. सोळा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९८५ साली चीनमध्ये भरली, नायजेरियाने ती जिंकली. पुढे तीच सतरा वर्षांखालील स्पर्धा झाली. १९८९ साली सौदी अरेबियाने ती जिंकून दाखवली. आशियातला देश हे करू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. आपण मात्र त्या स्पर्धेच्या मैदानावर प्रथम उतरलो २०१७ साली, आणि तेही यजमान म्हणून. पात्रता फेरी जिंकून नव्हे. हा भेद ध्यानात ठेवावा, त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

२०१७ची ती स्पर्धा मी थोडी विस्ताराने सांगणार आहे, कारण तिच्यात आपला सारा स्वभाव दिसतो.

यजमानपद मिळाले ते डिसेंबर २०१३मध्ये. हाताशी जवळजवळ चार वर्षे होती. निकोलाय अॅडम या जर्मन प्रशिक्षकाने देशभर हिंडून मुले निवडली, गोव्यात शिबिर चालले, परदेश दौरे झाले. मग स्पर्धेला जेमतेम काही महिने उरले असताना, २०१७च्या प्रारंभी, त्यांना जावे लागले आणि मार्चमध्ये पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दि मातोस आले. नव्या गुरुजींना संघ ओळखायलाच वेळ अपुरा होता. अंतिम एकवीस जणांत आठ जण एकट्या मणिपूरचे होते. कर्णधार अमरजित सिंग कियाम तिकडचाच, गोलरक्षक धीरज सिंगही तिकडचाच. सिक्कीमचा कोमल थाटल, मिझोरामचा लालेंगमाविया, पंजाबचा अन्वर अली, बंगालचे रहीम अली आणि अभिजित सरकार, केरळचा राहुल, बंगळूरचा संजीव स्टॅलिन. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे. आणि आपल्या कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव. राष्ट्रीय एकात्मतेवर आपण परिसंवाद भरवतो. या मुलांना त्याची गरज भासली नाही. एका खोलीत राहून, एका ताटात जेवून ती एकमेकांची भाषा शिकली.

६ ऑक्टोबरला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर अमेरिकेशी पहिला सामना झाला. ०-३ अशी हार. धावफलक एवढेच सांगतो. तो हे सांगत नाही की दोन गोलांनी मागे असताना अन्वरने मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आदळला आणि परतला. त्याच प्रतिहल्ल्यात अमेरिकेने तिसरा गोल केला. १-२ व्हायचे ते ०-३ झाले. खेळाच्या उच्च पातळीवर चुकीची आणि दुर्दैवाची किंमत अशी तत्काळ वसूल होते.

तीन दिवसांनी कोलंबिया. बेचाळीस वर्षांचे गृहस्थ घरी दूरचित्रवाणीपुढे उभे राहिले होते, असा तो सामना. उत्तरार्धाच्या आरंभी पेन्यालोझाने कोलंबियाला आघाडी दिली. ८२व्या मिनिटाला स्टॅलिनने कॉर्नर घेतला, आणि मणिपूरच्या उंचापुऱ्या जीक्सन सिंगने उसळी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत, कोणत्याही वयोगटात, भारताने केलेला तो पहिला गोल. स्टेडियम अक्षरशः थरारले. आणि पुढच्याच मिनिटाला, मुले अजून त्या आनंदातून जागेवर परतायची होती तोच, पेन्यालोझाने दुसरा गोल केला. १-२.

त्या एका मिनिटाविषयी तेव्हा बरेच लिहिले गेले. मुले हुरळून गेली, एकाग्रता ढळली, वगैरे. मला ते फार सोपे वाटते. गोल झाल्यानंतरची साठ सेकंदे कशी खेळावीत, हे व्याख्यानाने कळत नाही, शिबिरानेही कळत नाही. तो गोल मुलाने वयाच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या वर्षी शंभर वेळा केलेला असावा लागतो आणि शंभर वेळा खाल्लेला असावा लागतो. कोलंबियाच्या मुलाला ती सवय आपल्या गावच्या क्लबाने लावली होती. आपल्या मुलांना तशी नियमित स्पर्धा मिळाली कोठे? शिबिर म्हणजे शिकवणी. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर लावलेली शिकवणी विद्यार्थ्याला उत्तीर्ण करील कदाचित, पंडित करणार नाही.

तिसऱ्या सामन्यात घानाने ०-४ असे हरवले. तेथे केवळ शरीरबळाचेच अंतर दिसत होते. तीन सामने, तीन पराभव, एक गोल. स्पर्धेला मात्र १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. तोवरचा तो विक्रम होता. नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी, कोलकाता, दिल्ली अशा सहा नगरांत ती झाली. अंतिम सामन्यात कोलकात्यात इंग्लंडने दोन गोलांच्या पिछाडीवरून स्पेनला ५-२ असे हरवले. आपल्या महाराष्ट्र शासनाने त्याआधी १५ सप्टेंबरला दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. उपक्रम सुंदर होता, यात शंका नाही. १६ सप्टेंबरचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

मित्रहो, पराभवानंतरचे एक वर्ष मात्र आनंदाचे गेले. ती मुले विखुरली जाऊ नयेत म्हणून महासंघाने त्यांचा ‘इंडियन ॲरोज’ हा संघ आय-लीगमध्ये प्रौढांविरुद्ध खेळवला. निर्णय शहाणपणाचा होता. ऑगस्ट २०१८मध्ये स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत आपल्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असे नमवले. प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो. दीपक टांगरीने चौथ्याच मिनिटाला गोल केला. उत्तरार्धात आपल्या अनिकेतला लाल कार्ड मिळाले, दहाच जण उरले. तरी ६८व्या मिनिटाला अन्वर अलीने फ्री-किकवर दुसरा गोल केला. समोरच्या बाकावर अर्जेंटिनाचे प्रशिक्षक म्हणून बसले होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी पुढे २०२२चा विश्वचषक जिंकला. अर्जेंटिनाने पुढे ती स्पर्धा जिंकली, हेही सांगितले पाहिजे. पण त्यांना हरवणाऱ्यांत दिल्लीत हरलेली अनेक मुले होती, एक वर्षाने मोठी आणि आठवड्याला सामना खेळलेली.

त्याच वर्षी मलेशियात सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा झाली. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांनी घडवलेल्या संघाने व्हिएतनामला १-० हरवले, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य बरोबरीत रोखले. गटात एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ अशी हार झाली. तो एक सामना जिंकला असता, तर भारत प्रथमच स्वबळावर विश्वचषकाला गेला असता. दैवाचा खेळ पाहा: २०२५पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात अठ्ठेचाळीस संघ खेळतात आणि आशियाई स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्याला तेथे प्रवेश मिळतो. २०१८च्या मुलांनी जे केले, ते सात वर्षांनी केले असते तर पुरले असते.

आणि आता खर्चाच्या बाजूकडे वळतो, जिच्यासाठी मी आज येथे आलो.

२०१९ साली बिबियानोंच्याच पुढच्या तुकडीने ताश्कंदमध्ये बहारीन आणि तुर्कमेनिस्तान यांना प्रत्येकी ५-० असे हरवले, यजमान उझबेकिस्तानशी १-१ बरोबरी केली आणि गटात पहिला क्रमांक मिळवला. कोरोनाची साथ आली. आशियाई स्पर्धा रद्द झाली. मुलींचे तसेच. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२० साली भारतात व्हायचा होता. तो पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला, आणि यजमानपद २०२२ला मिळाले. तोवर पहिल्या तुकडीच्या मुली वयाबाहेर गेल्या होत्या. ज्येष्ठ खेळाडूची स्पर्धा हुकली तर चार वर्षांनी पुन्हा येते. सोळाव्या वर्षाची स्पर्धा हुकली की हुकली. यात कोणाचा दोष नव्हता, साथीचा होता. परंतु ऑगस्ट २०२२मध्ये, मुलींची स्पर्धा दोन महिन्यांवर असताना, फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केले ते साथीमुळे नव्हे. प्रौढांच्या खुर्च्यांच्या वादापायी देशाच्या मुलींचे मैदान जवळजवळ गेले होते. अकरा दिवसांनी निलंबन उठले म्हणून निभावले. झारखंडच्या अस्तम उराँवच्या नेतृत्वाखाली मुली खेळल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. हे आकडे वाचून हसणारे मी पाहिले आहेत. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या तालुक्यात मुलींचा एक तरी सामना भरवला होता?

आणि तो ॲरोज संघ? २०२२मध्ये तोही बंद करण्यात आला. एकट्या त्या संघातून अमरजित, सुरेश, जीक्सन, अन्वर, रहीम असे किती तरी जण भारताच्या ज्येष्ठ संघापर्यंत पोहोचले. अन्वरची कथा तर निराळीच. २०१९मध्ये हृदयाचा दोष आढळला, खेळणे थांबवण्यास सांगण्यात आले, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, परतला, आणि जून २०२२मध्ये हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला भारतासाठी गोल केला.

आता तालमींच्या कार्यकर्त्यांशी दोन शब्द, रागावू नका. आपल्याकडे ज्येष्ठांच्या सामन्याला हजारो लोक येतात, ईर्ष्येने भांडतातही. त्याच तालमीचा चौदा वर्षांखालचा संघ वर्षात किती सामने खेळतो? दुसरे, जन्मतारखेचे. दाखल्यावर वय कमी लावून एखादी आंतरशालेय ढाल जिंकता येते. वर मात्र मनगटाची एमआरआय तपासणी असते; फिफाने ती २००९पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात लागू केली. खोटा दाखला लावणारा शिक्षक त्या मुलाचे भले करत नाही, आणि ज्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची जागा जाते त्याचा तर तो अपराधीच होय.

चित्र निराशेचे आहे असे मी म्हणत नाही. २०२३च्या आशियाई स्पर्धेत जपानने आपल्याला ८-४ हरवले, पण पुढे विजेत्या ठरलेल्या संघावर चार गोल झाले होते. मे २०२५मध्ये अरुणाचलातील युपिया येथे एकोणीस वर्षांखालील संघाने बांगलादेशाला पेनल्टींवर हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद मिळवले. त्या वर्षी वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनमध्ये आणि सतरा वर्षांखालील मुलींनी बिश्केकमध्ये आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. ३० नोव्हेंबर २०२५ला अहमदाबादेत सतरा वर्षांखालील मुलांना इराणला हरवण्यावाचून गत्यंतर नव्हते. एका गोलाने मागे पडून त्यांनी तो सामना २-१ असा जिंकला. प्रशिक्षक पुन्हा बिबियानोच.

त्या संघासाठी १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा जन्म ही अट होती. या सभागृहात मागच्या रांगांत त्याहून तीनचार वर्षांनी लहान अशी बरीच मुले बसलेली मला दिसत आहेत. अध्यक्ष महोदयांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास दिला आहे. मोठ्यांनी कृपया थांबावे. पहिले प्रश्न त्यांना विचारू द्यावेत.