कामाची किंमत कशावरून?



पुण्यातल्या या संमेलनात मी स्वागत समितीच्या वतीने बोलतो आहे. निवास-भोजनाची माहिती आपल्या हातातल्या पत्रिकेत आहेच, म्हणून माझ्या वाट्याची मिनिटं ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि श्रम’ या विषयावरच खर्च करतो. मला एकच गोष्ट मांडायची आहे: बायबलच्या लेखी कामाची किंमत तयार मालावरून ठरत नाही, करणाऱ्यावरून ठरते, आणि करणारा कोणत्याही जातीचा वा हुद्द्याचा असो, तो देवाच्या प्रतिमेचा आहे. यावर पहिला आक्षेप येतो तो उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातून. घाम गाळून भाकर मिळवणं हा शापच ना? पण त्याआधीच्या अध्यायात, पतन होण्यापूर्वीच, माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलेलं आहे. शापाने जमिनीत काटेकुसळं उगवली, काम त्याआधीचं. म्हणूनच हाताच्या कामाला हलकं लेखणाऱ्या ग्रीक-रोमन जगात प्रेषित पौल करिंथला अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करायला बसू शकला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने तर मठाची अवजारं वेदीवरच्या पात्रांइतकी जपावीत असा नियमच घातला.

आपल्याला इतकं लांब जायचं कारण नाही. दौंडच्या रस्त्याला केडगाव आहे. तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा आणल्या आणि त्यांना नुसतं सांभाळलं नाही; शेती, विणकाम, छपाई शिकवली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्ती मिशनच्याच छापखान्यात बायकांनी छापलं. ते 1924 साली बाहेर पडलं, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. खिळे जुळवणं म्हणजे शिशाचं एकेक उलटं अक्षर चिमटीत धरून ओळ भरायची, काना-मात्रा सांभाळायच्या, छपाई झाली की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. ज्यांनी पाटीवर अक्षर गिरवावं अशी घरच्यांची इच्छा नव्हती, अशा बायका हे करत होत्या. श्रमाचं यापेक्षा सरस धर्मशास्त्र मराठीत कुणी लिहिल्याचं मला तरी ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. काम पवित्र आहे असं सांगून मालकांनी मजुरांना गप्प बसवलं, हे खरंच आहे. इफिसकरांस पत्रातला दासांना केलेला आज्ञापालनाचा उपदेश अमेरिकेतल्या मळेवाल्यांच्या सोयीचा होता. पण 1807 साली वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी लंडनमध्ये जे बायबल छापलं, त्यातून मिसरच्या दास्यातून सुटकेची कथाच वगळावी लागली होती. पूर्ण ग्रंथ त्या कामाला चालेना. चालणार कसा? त्यात शब्बाथाची विश्रांती दास-दासीला, परक्याला आणि बैलालाही आहे. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची आहे. आणि याकोबाच्या पत्रात तर दाबून ठेवलेली मजुरीच ओरडते. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये मांडलेला न्याय्य वेतनाचा आग्रह आणि जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये भांडवलाच्या आधी श्रमाला दिलेला मान, दोन्ही याच मुळातून आले. उशिरा आले, हेही कबूल करायला हवं.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं झाडणारी माणसं अनेक ठिकाणी ठेकेदारामार्फत येतात. त्यांची नावं आपल्या पगारपत्रकावर नसतात आणि त्यांची रजा कोण मंजूर करतं हे मुख्याध्यापकांनाही सांगता येत नाही. कायद्यात ते बसतही असेल. शब्बाथाच्या नियमात कसं बसवायचं, हा दुपारच्या पहिल्या सत्राचा विषय आहे आणि तिथे संस्थाचालकांनी आवर्जून बसावं, ही विनंती. जेवणाची सुटी पत्रिकेत छापल्यापेक्षा अर्ध्या तासाने वाढवली आहे, कारण वाढपी मंडळींची पंगतही त्याच वेळात बसणार आहे.