बंद पडलेलं मशीन आणि बंद केलेलं मशीन

भाकऱ्या उरकल्या असतील, धारा काढून झाल्या असतील. दहा मिनिटं बसा आणि ऐका. मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय.

आपल्या भागात या वर्षी तीन गटांनी कर्ज काढून कडबाकुट्टीचं मशीन घेतलं. आणखी दोन गटांचा ठराव झालाय. त्यामुळे आज मशीनबद्दल बोलायचंय. पण सुरुवात करणार आहे बर्फापासून! हसू नका, बर्फाचा आणि कुट्टीचा संबंध शेवटी कळेल.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत गेली. मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाचं गाव आहे, सुपीरियर नावाच्या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी. ती त्या गावाच्या बाहेर राहते. तिथे बर्फ किती पडतो? २०२२-२३ च्या हिवाळ्यात त्या गावात सगळा मिळून सुमारे १४० इंच पडला. म्हणजे साडेअकरा फूट. आपल्या घराचं छत बुडेल एवढा.

मोठा रस्ता सरकारी गाडी येऊन साफ करते. पण घरापासून रस्त्यापर्यंतची वाट ज्याची त्याने साफ करायची. आणि गंमत म्हणजे सरकारी गाडी रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटते, तो नेमका आपल्या वाटेच्या तोंडाशी बांधासारखा साचतो. वाट मोकळी नसेल तर पोरांची शाळा नाही, कामाला जाणं नाही, आणि कुणी आजारी पडलं तर दवाखान्याची गाडी दारापर्यंत येत नाही.

आता हिशेब करा. शंभर फूट लांब, दहा फूट रुंद वाट. त्यावर आठ इंच बर्फ. नुकता पडलेला साधा बर्फ धरला तरी साधारण १९ क्विंटल होतो. ओला असेल तर त्याहून कितीतरी जास्त. एवढं वजन सकाळी सातच्या आत फावड्याने उचलायचं. म्हणून तिच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आहे. उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली गवत कापायची पाती लावतात. हिवाळ्यात ती काढून पुढच्या बाजूला बर्फ फेकायचं यंत्र जोडतात. इंजिन एकच, कामं दोन. आपण ट्रॅक्टरला कधी रोटाव्हेटर लावतो, कधी पेरणी यंत्र, तसंच.

त्या यंत्राच्या तोंडाशी मळसूत्रासारखी आडवी पाती फिरतात. ती बर्फ ओढून मधोमध आणतात. त्यांच्या मागे एक पंखा असतो, तो बर्फ वरच्या नळकांड्यातून लांब बाजूला भिरकावतो. चालवायचं कसं, तेही तिने मला सांगितलं. मागच्या चाकांना साखळ्या बांधायच्या, मागे वजन ठेवायचं, नाहीतर चाकं जागेवरच फिरतात. इंजिन जोरात ठेवायचं आणि ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने चालवायचा. बर्फ वाऱ्याच्या दिशेने फेकायचा, नाहीतर सगळा आपल्याच तोंडावर येतो. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कारण त्याच्या धुराने माणूस गुदमरतो. आपल्याकडे जनरेटर खोलीत लावतात, त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

बहिणीचा पहिलाच हिवाळा होता. जावई पहाटेच कामावर गेलेले. बर्फ ओला होता, चिकट, भिजलेल्या कणकेसारखा. अर्ध्या वाटेत नळकांडं तुंबलं, पंखा अडकला. तिने इंजिन बंद केलं. किल्ली फिरवली, आवाज थांबला. खाली उतरली, हातात जाड मोजे होते, आणि हात नळकांड्यात घालणार तेवढ्यात शेजारची म्हातारी बाई कुंपणापलीकडून ओरडली. म्हातारीचं सत्तरीचं वय, सारा जन्म शेतात गेलेला. ती आली ती हातात काठी घेऊन. काही बोलली नाही. काठी नळकांड्यात घातली, बर्फाचा गोळा हलवला. गोळा सुटला मात्र, आतला पंखा एकदम अर्धा फेरा फिरला आणि काठी तिच्या हातातून हिसकली गेली. इंजिन बंद असताना!

बहीण म्हणाली, "ताई, मी तिथेच खाली बसले गं. काठीच्या जागी माझा हात असता."

असं का झालं? पंखा बर्फात अडकलेला असतो, पण त्याला ओढणारा पट्टा ताणलेलाच राहतो. इंजिन थांबलं तरी तो ताण आत शिल्लक राहतो. वासरू दाव्याला ओढ देऊन उभं असतं, दिसायला जागेवरच असतं. दावं सोडलं की कशी उडी घेतं? तसाच तो पंखा. बोटं जायला तेवढा एक झटका पुरतो. त्या देशात दर हिवाळ्यात अशा यंत्रांनी जखमी झालेली हजारो माणसं दवाखान्यात येतात. शिकलेली माणसं, मशीनवर धोक्याचं चित्र काढलेलं असताना. कारण सगळ्यांना तेच वाटतं, की आवाज थांबला म्हणजे मशीन बंद झालं.

आता आपल्या गावात येऊ.

माझ्या चुलत सासूबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं कुट्टीच्या मशीनमध्ये गेली. संध्याकाळची वेळ, गोठ्यात म्हैस हंबरत होती. हिरवा मका ओला होता, रोलरमध्ये गुंतला. तेवढ्यात लाईट गेली. मशीन थांबलं. काकूंना वाटलं, बरं झालं, तेवढ्यात काढून घेऊ. हात घातला आणि लाईट आली.

दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसले होते. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "लाईट गेलीच होती ना गं, म्हणून तर हात घातला." पंधरा दिवस म्हशीने सुनेच्या हाताला पान्हा सोडला नाही. दूध गेलं, गटाचा हप्ता थकला, दवाखान्याचं बिल वेगळं. आणि घरातले म्हणत होते, बाईच वेंधळी. काकू वेंधळ्या नव्हत्या, मैत्रिणींनो. वीस वर्षं त्या ते मशीन चालवत होत्या. फक्त एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. तीच सांगायला मी आज आलेय.

बंद पडलेलं मशीन वेगळं आणि बंद केलेलं मशीन वेगळं. लाईट गेली, मशीन अडकलं, इंजिन गचके खाऊन थांबलं, हे सगळं बंद पडणं आहे. बंद करणं म्हणजे आपल्या हाताने त्याची शक्ती तोडणं.

मग करायचं काय? मशीन अडकलं की आधी मेन स्विच खाली करा. नुसतं बटण नाही. पिन असेल तर काढा आणि आपल्याला दिसेल अशी समोर ठेवा. माझी बहीण आता ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात ठेवते, ते याचसाठी. लाईट गेली तरी हेच करा. कुट्टीच्या मोटरला ऑटो स्टार्टर लावू नका.

मग थांबा. कुट्टीचं जड चाक बटण बंद केल्यावरही फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही.

मग काठी घ्या. हात नाही. मशीनच्या शेजारी एक मजबूत काठी कायमची बांधून ठेवा.

मशीन घेतानाच बघून घ्या, की पात्यांवर झाकण आहे का, पट्ट्यावर जाळी आहे का, वैरण सरकवायचं पन्हळ लांब आणि वरून झाकलेलं आहे का. म्हणजे हात रोलरपर्यंत पोहोचणारच नाही. थोडे पैसे वाचतात म्हणून झाकण नसलेलं घेऊ नका. पदर खोचलेला हवा, ओढणी मागे बांधलेली, केसांची वेणी वर गुंडाळलेली, बांगड्या काढलेल्या. लेकरं मशीनपासून लांब.

आणखी एक. त्या बर्फाच्या यंत्रात मुद्दाम एक नरम बोल्ट बसवलेला असतो. दगड अडकला की तो बोल्ट तुटतो आणि आतलं महागाचं यंत्र वाचतं. काही लोक कंटाळून तिथे कडक बोल्ट घालतात, मग एक दिवस सगळंच मोडतं. आपण फ्यूजमध्ये जाड तार घालतो ना, तसंच ते. जे आपल्यासाठी तुटायला ठेवलंय, ते तुटू द्या आणि जागी तसंच नवीन घाला.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जाच्या हिशेबाबरोबर एवढं करा. मशीन चालवणाऱ्या प्रत्येकीकडून मेन स्विच खाली करून, थांबून, काठीने वैरण काढून दाखवून घ्या. सुनेकडून घ्या, सासूकडून घ्या आणि घरच्या पुरुषांकडूनही घ्या. इतिवृत्तात नोंद करा. मग मशीन चालवायला द्या.

काकू आता गोठ्यात असल्या की कुट्टी सून करते. मशीन अडकलं की काकू बसल्या जागेवरून विचारतात, "बंद पडलं का बंद केलंस?" सून म्हणते, "केलं, आत्या." मगच काकू पुन्हा कामाला लागतात.

तुम्हीही घरात तेवढंच विचारत चला.