पावलांचा हिशेब

फज्रची नमाज आटोपून मी गिरणेच्या पुलाकडे फिरायला निघतो, तेव्हा भडगावची मुलं धावत असतात. पोलीस भरतीची तयारी. १६०० मीटर धावण्याला २० गुण. ते सगळे हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांत पोचायला हवं. एकेका गुणावर घरचं पुढचं सगळं ठरतं.

शेजारचा मुलगा गेल्या हिवाळ्यात अचानक चवड्यांवर धावू लागला. टाच टेकवणारे मागे राहतात, असं त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. शेताच्या बांधांवर घडलेलं पाऊल त्यानं एका रात्रीत बदललं. तिसऱ्या आठवड्यात पोटरी सुजली, पाय टेकवेना. मैदानी चाचणीला तो उतरूच शकला नाही. "चाचा, मी तर सुधारायला गेलो होतो," म्हणाला. जमलेला शेर सुधारता सुधारता बिघडवल्याचं पाप माझ्याही खात्यावर आहे. मी गप्प बसलो.

मग जरा वाचलं. चवड्यांवर धावलं की गुडघ्याचा भार हलका होतो, पण तो नाहीसा होत नाही. पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. त्यांना सवय व्हायला महिने लागतात. शिवाय धावणाऱ्याचं शरीर आपल्याला कमी दमवणारी ढांग बहुधा स्वतःच शोधून काढतं. मिनिटाला १८० पावलांचा मंत्र सगळे जपतात. तो आला जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकाकडून. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली होती. ती जगातली निवडक माणसं, तीही शर्यतीच्या वेगात! पाचोरा रस्त्यावर सावकाश धावणाऱ्याला तो आकडा कशाला?

एक खोड मात्र मोडण्यासारखी असते. ढांग फार लांब टाकली की पाय ताठ, अंगाच्या पुढे पडतो. दर पावलाला सायकलचा ब्रेक दाबल्यासारखं. त्याच वेगात पावलं शेकडा पाचनं वाढवली, तर ढांग आखडते आणि गुडघ्यावरचा भार उतरतो. वेळ उतरते ती मुख्यतः सरावानं, हेही खरं.

उजवं पाऊल अर्धा मिनिट मोजून चारनं गुणलं, त्याची १६० भरली. आता १६८ चा सराव, आठवड्यातून दोनदाच, थोडा वेळ. त्याच्या भिंतीवर बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे आहे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत, त्याचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं.

पुलापाशी घड्याळ धरून मी उभा राहतो. कालची वेळ ५ मिनिटं ३१ सेकंद. अजून २१ सेकंद उतरायचे आहेत.