घोट्यातली मुकी जागा

पाय मुरगळला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. आंबेहळदीचा लेप आणि ‘काही नाही, आठ दिवसांत पळशील’ हा दिलासा. काही वर्षांपूर्वी कर्नाळ्याच्या वाटेवर ओल्या दगडावरून माझा डावा पाय सटकला, तेव्हा अम्मांनी मला हे दोन्ही दिले. एक्स-रेही काढला. ‘हाड शाबूत आहे’ म्हणून पट्टी बांधून मला घरी पाठवण्यात आले.

सूज उतरली, पण दुखणे राहिले. मी चालता चालता कविता जुळवणारा माणूस. पनवेलच्या वडाळे तलावाकाठी फेऱ्या मारताना ओळी सुचायच्या. आता दुसऱ्याच फेरीला आत खोलवर ठणकू लागे. जिना उतरताना सांधा मध्येच अडके. नमाजात डावा पाय मुडपून बसणेही जमेना. ‘वय झाले’ म्हणून वर्षभर सोसले. शेवटी एमआरआय केला, तेव्हा कळले की घोट्यातल्या हाडावरच्या कुर्चेचा तुकडा खालच्या हाडासकट दुखावला आहे.

श्रोतेहो, नडगीच्या खाली, टाचेच्या वर एक लहानसे हाड असते. डॉक्टर त्याला टेलस म्हणतात. त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. तरी उभ्या देहाचा भार त्यावरूनच पावलात उतरतो. त्याचा निम्म्याहून अधिक भाग गुळगुळीत कुर्चेने मढलेला असतो. ही कुर्चा जेमतेम मिलीमीटर-दीड मिलीमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती सहसा भरून येत नाही. मज्जातंतू नाहीत, म्हणून ती स्वतः दुखत नाही. भेगेतून सांध्यातले पाणी खालच्या हाडात दाबले जाते, तेव्हा हाड दुखू लागते. आणि साध्या एक्स-रेमध्ये कुर्चा दिसतच नाही!

कुर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा येत नाही, हे विल्यम हंटर या वैद्याने 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. मूळची कुर्चा जशीच्या तशी परत आणणे आजही साधलेले नाही. पण उपाय पुष्कळ पुढे गेले आहेत. इजा लहान असेल, तुकडा जागचा हलला नसेल, तर काही आठवडे पायाला विश्रांती आणि मग व्यायाम यांवर भागू शकते; मुलांमध्ये तर बरेचदा भागते. ताजा, मोठा तुकडा स्क्रूने जागी बसवता येतो. जुना, सैल तुकडा दुर्बिणीतून काढून खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. त्यातून रक्त येते, गोठते आणि त्याची नवी कुर्चा बनते. ती मूळच्यासारखी नसते, एक प्रकारचे ठिगळच. जखम मोठी असेल तर गुडघ्यातून हाड-कुर्चेचा लहान खुंट काढून घोट्यात रोवतात.

माझ्या हाडाला छिद्रे पाडली. सहा आठवडे कुबड्या घेतल्या, पाऊल टेकायचे नाही. मशिदीत मागच्या रांगेत खुर्चीवर बसलो. मग फिजिओथेरपीच्या बाईंनी एका पायावर उभे राहायला शिकवले, पन्नाशीत!

मुरगळलेला पाय चोळू नका, शेकू नका. बर्फ लावा, पाय उंच ठेवा. कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये एक सोपी कसोटी दिली: चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. त्यात माझी भर एवढीच. एक्स-रे चांगला आला, तरी दीड-दोन महिन्यांनंतरही घोटा दुखत असेल, सुजत असेल, अडकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जा आणि ‘कुर्चा पाहिली का?’ एवढे विचारा. मी ते वर्षभर विचारले नाही.

आता तलावाच्या तीन फेऱ्या होतात. चौथीला घोटा आठवण करून देतो. मग मी बाकावर बसतो आणि सुचलेले लिहून घेतो.